म्हशीचा सदरा

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं ते संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, भल्या सकाळी, गोठ्यात. मी चुलीवर चहा टाकला होता. आधी बादली पडल्याचा आवाज आला आणि मग म्हैस रेकली. ती उगाच रेकणारी नव्हती, म्हणून मी हातातली चहापत्ती तशीच घेऊन पळाले. हे तिच्या पायांशी कुशीवर पडले होते, दूध सगळं शेणात गेलं होतं, आणि वाकड्या तोंडाने ते मला काहीतरी परत परत सांगत होते. मला एक अक्षर कळलं नाही. पुढे जीभ सरळ झाल्यावर मी विचारलं, त्या दिवशी एवढं काय सांगत होतात? मला वाटलं होतं, मुलाविषयी काही असेल, नाहीतर माझ्याविषयी. म्हणाले, "धार अर्धी राह्यली म्हनत हुतो."

माझा नवरा असा होता, हे आधीच सांगून टाकते.

नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालता येत होतं. बोलणंही हळूहळू सुधारलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. पिळून दोरीवर टाकलेल्या टॉवेलसारखा खांद्यावरून लोंबायचा. दिसायला अगदी पूर्वीसारखा, मनगटावर तोच जुना भाजल्याचा डाग, पण त्याला काही सांगितलेलं ऐकू जात नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि माझी सासू. मुलगा पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होता. आमचं गाव कर्जतच्या बाजूचं, कोरडं. होळीपर्यंत विहिरीला पाणी, पुढे देवाचं नाव. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. ह्यांच्या अंगावरून वारं गेल्यावर शेत वाट्याने दिलं. ते एक बरं झालं. म्हैस मात्र कोणाला वाट्याने देता येत नाही.

त्या म्हशीचं पारडू दिवाळीत मेलं होतं. पारडू मेलेली म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर चढवून धरते. जनावर ते, दुःख तेवढ्यापुरतं दाखवतं. ह्यांनी तिला आपल्या हाताची सवय लावली. पुढ्यात पेंड-भुशाचं आंबोण ठेवायचं, कासेवर कोमट पाणी मारायचं, पाठ थोपटायची आणि जिभेने टकटक करत बसायचं. कितीही वेळ लागो. मग ती पान्हवायची. दुसऱ्या कोणी हात लावला की लाथ. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! "तिला माजाच हात लागतो," असं पाहुण्यांना सांगायचे. मला हात लावून बघू दे म्हटलं तर म्हणायचे, "तू पोरं शिकीव." सतरा-अठरा वर्षांच्या संसारात मी कधी धार काढली नव्हती, आणि खरं सांगायचं तर काढायची इच्छाही नव्हती.

आता काढावी लागली. पहिले काही दिवस शेजारी येऊन बघून गेले, लाथा खाऊन गेले. म्हशीची कास दगडासारखी झाली. शेवटी सासूबाईंनीच युक्ती सांगितली. "त्याचा घामाचा सदरा घाल अंगात. वासाला भुलती." आमच्याकडे बाया असं करतात, मी ऐकून होते. ह्यांच्या अंगावरून ज्या दिवशी वारं गेलं त्या दिवशीचा सदरा दवाखान्यात काढून पिशवीत कोंबलेला होता. तो काढला. नऊवारीच्या माहेरात वाढलेली आणि पाचवारी नेसून शाळेत जाणारी मी, साडीवरून नवऱ्याचा मळका सदरा घालून, डोक्याला त्यांचंच उपरणं गुंडाळून म्हशीखाली बसले. जीभ टाळ्याला लावून टकटक केलं. म्हशीने मान वळवली, हुंगलं, आणि बराच वेळ विचार केला. मग सोडला पान्हा.

मला हसू आलं आणि रडूही आलं. नंतर नुसता हाताला गोळा यायचा.

तो सदरा धुवायचा नाही, हे ठरून गेलं. गोठ्यातल्या खुंटीला तो लटकलेला असायचा. घरात त्याला म्हशीचा सदरा असंच नाव पडलं.

ह्यांची खाट ओसरीत, गोठ्याच्या तोंडाला होती. घरात घुसमटतं म्हणायचे. सासूबाई वारं लागेल म्हणून त्यांच्या अंगावर घोंगडी टाकायच्या, ते डाव्या हाताने काढून फेकायचे. दोन्ही वेळच्या धारेला ते खाटेवरून बघत असायचे. कधी "अंगठा दुमड" म्हणायचे, कधी "वरून पीळ, वरून". मी पिळायचे. मग डेअरीत दूध घालायचं, भाकऱ्या करायच्या, ह्यांना अंघोळ घालायची, शाळेत जायचं, तिथे तिसरी-चौथीचे दोन वर्ग एकत्र बसवून पाढे घ्यायचे आणि संध्याकाळी परत सदरा. त्या दिवसांतलं मला काही वेगळं आठवत नाही. एक मोठा थकवा आठवतो, आणि त्या थकव्याला म्हशीचा वास.

आठवड्याला एकदा आम्ही एसटीने नगरला जायचो, व्यायामाला आणि हाताला करंट घ्यायला. करंट देणारी मुलगी नुकतीच शिकून आलेली होती, आम्हाला काका-काकू म्हणायची. हातावर ओल्या पट्ट्या बांधून ती मशीन लावायची, की ह्यांची बोटं आपोआप उघडायची, मिटायची. पहिल्यांदा ते बघून हे लहान पोरासारखे हरखले. मशीन बंद झालं की बोटं मेली. "हे मशीन घरी न्हेता येतं का?" त्यांनी विचारलं.

"काका, मशीन तुमच्या बोटांना हलवतं," ती म्हणाली. "बिघाड बोटांत नाही. बिघाड डोक्यात आहे, हुकूम सुटतो तिथे."

"मंग डोक्याला लावा."

ती हसली. मोठ्या ठिकाणी, परदेशात, डोक्याच्या बाहेरून मेंदूला जागं करायची यंत्रं करून बघताहेत असं तिला शिकवलं होतं म्हणे. नगरला कुठून असणार? "आपल्याकडे डोळे मिटायची सोय आहे," ती म्हणाली. "व्यायाम चुकवायचा नाही. पण त्याशिवाय रोज निवांत पडायचं, डोळे मिटायचे, आणि याच हाताने एखादं काम करायचं. मनात. घाई न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. समजा, कप उचलायचा, तोंडाला लावायचा, खाली ठेवायचा. मेंदूला ते खऱ्यासारखंच वाटतं. तो तालीम करतो."

परतीच्या एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मिरजगाव मागे पडल्यावर म्हणाले, "कप काय उचलायचा? कप तर तूच देतीस."

"मग दुसरं काहीतरी करा मनात."

"धार काढतो."

मला खरं तर त्या सगळ्याचा राग येत होता. दिवसभर मी हातांनी राबायचं आणि ह्यांनी डोळे मिटून मनात राबायचं, ही कसली वाटणी? पण ह्यांनी ते मनावर घेतलं. दुपारी डोळे मिटून पडायचे. कपाळाला घाम यायचा. सासूबाई मला विचारायच्या, "ह्यो जप करतो का काय गं?"

होळी झाली, पाडवा झाला. हात होता तिथेच. व्यायामाने खांदा जरा वर यायचा, पण पंजा नाही. एका नगरच्या फेरीत त्या मुलीने विचारलं, "काका, मनातलं काम जमतं का?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला न्हाई दिसत माजा हात. डोळं मिटलं का हीच दिसती. माजा सदरा घालून बसलेली. हिचंच हात दिसत्यात."

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला तिला सगळं सांगावं लागलं, म्हैस, पारडू, सदरा, उपरणं. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. म्हणाली, "काकू, ते रोज बघतात ना तुम्हाला?"

रोज, दोन्ही वेळा. म्हशीला फसवायला घातलेल्या सदऱ्याने ह्यांचं डोकंही फसलं होतं. त्या सदऱ्यात, त्या म्हशीखाली, ह्यांच्या मनात आता दुसरंच माणूस बसलं होतं, आणि ते मी होते. म्हशीला भुलवणारी आमच्याकडे पुष्कळ घरं असतील. पण भुलवताना मालक खाटेवरून बघतोय आणि त्याला डोळे मिटून तेच काम करायचंय, असं आमच्याच घरात झालं असेल.

"मग बघू नका," ती ह्यांना म्हणाली. "बाहेरूनही नाही आणि मनातही नाही. बघायला गेलं की सिनेमा होतो. हाताला काय वाटायचं तेवढं आठवा. गरम की गार, मऊ की कडक. आणि हात पूर्ण येईल असं मी सांगत नाही हं, काका. प्रयत्न करू."

घरी आल्यावर मी खाट आणि गोठा यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा बांधला. ह्यांना आता मी दिसायची नाही, फक्त धारेचा आवाज यायचा. आणि एक दिवस बादली ठेवून मी हात धुवायला रांजणाकडे निघाले, तर पडद्याआडून हाक आली, "हात धुवू नको. तसंच हिकडं ये."

मी गेले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझा तो दुधाने, कासेच्या उबेने ओला झालेला हात आपल्या उजव्या तळव्यात ठेवला. डोळे मिटून घेतले.

आता हे शहरातल्या वाचकाला कळायचं नाही. आमच्या घरात सासूबाईंच्या समोर ह्यांनी माझ्याशी दोन वाक्यं सलग बोललेली कोणाला आठवत नव्हती. लग्नात हातावर हात ठेवला असेल तेवढाच, तोही भटजीने सांगितल्यामुळे. आणि इथे भर उजेडात, ओसरीत, हात हातात घेऊन बसलेले! सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा बघितलं, सूप उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुढे त्यांनी ती जागाच धरली. धार झाली की म्हातारी आपणहून भिंतीकडे वळायची.

रोज तेच. मी माझी बोटं ह्यांच्या तळव्यात ठेवायची आणि ह्यांनी डोळे मिटून त्या बोटांची धार काढायची. ह्यांची बोटं हलायची नाहीत. मी मात्र तेवढा वेळ खाटेच्या कडेला बसायचे. दिवसातली ती एकच बसायची वेळ होती, म्हणून मी कधी घाई केली नाही. कधी कधी माझाच डोळा लागायचा.

एवढ्यात माझ्या भावाने विषय काढला. तो बघायला आला होता, माझ्या डोळ्यांखाली काय दिसलं कोण जाणे, ह्यांच्या तोंडावरच म्हणाला, "दाजी, ती म्हस काढून टाका. बाई मरंल." तो माझ्या मनातलंच बोलला होता. मला ती म्हैस नको होती. मला झोप हवी होती. भाऊ गेल्यावर मी ह्यांना तसं सांगितलं.

हे म्हणाले, "आटंस्तवर ठेव. ती आटायच्या आत माजा हात आला तर आला. न्हाईतर दावं सोडून दे, मी काय म्हनायचो न्हाई."

आणि मग हळू आवाजात, "ती गेली तर मी मनात काय पिळायचं?"

गणपतीच्या सुमारास व्यालेली म्हैस, म्हणजे आखाडापर्यंत आटणार. मी हो म्हटलं. तेवढी कळ काढायची होती.

उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, दुपारी घरी यायचे. पत्रा तापलेला, पडदा हलत नाही, म्हैस धापा टाकतेय. अशाच एका दुपारी, धारेची वेळही नव्हती, मी ह्यांच्या हाताला तेल लावत होते. हे डोळे मिटून पडले होते. माझ्या बोटावर काहीतरी टेकलं. मला वाटलं, माशी. मग परत. त्यांचा अंगठा होता. दुमडत होता. इतका थोडा, की डोळ्याला दिसला नसता.

"हललं का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. एरवी मी घरात व्हय म्हणत नाही, शाळेतल्या बाईंनी शुद्ध बोलावं म्हणून. तेव्हा माहेरचंच तोंडातून निघालं. सासूबाई भिंतीकडून वळल्या, आणि भिंतीकडेच परत तोंड करून नाक पुसत बसल्या.

तिथून पुढे एक एक बोट आलं. नगरच्या मुलीने पिळायला रबरी चेंडू दिला, मग ओला फडका. हे सगळं करत होते, चिडत होते, चेंडू फेकून देत होते, मी आणून देत होते. जोर असा आला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आळशीच राहिलं. पण मूठ वळायला लागली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. म्हशीचं दूध कमी होत चाललं होतं. एका सकाळी हे उठले, मला अंघोळीचं पाणी ठेवायला लावलं, पेटीतला पांढरा धुतलेला सदरा काढायला सांगितला. बटणं मी लावली. टोपी घातली. लग्नाला निघाल्यासारखे काठी टेकत गोठ्यात गेले, पाटावर बसले. मी पडदा वर करून उभी होते.

आंबोण ठेवलं. कासेला पाणी मारलं. टकटक केलं. म्हशीने मान वळवली, हुंगलं आणि बाजूला सरकली. ह्यांनी उजवा हात पुढे नेला, थरथरत होता, पण गेला. बोटं आचळाभोवती वळली. पिळलं. काही नाही. डाव्या हाताने पिळलं, तो तर चांगला होता. तरी काही नाही. म्हशीने दूध वर चढवलं होतं. ह्यांनी पुन्हा टकटक केलं, पाठ थोपटली, तिला ठेवणीतल्या हाका मारल्या. तिने पाय झाडला, पाट कलंडला, हे शेणात बसले.

मी उचलायला धावले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." तिथेच बसून राहिले. "मला वळकत न्हाई ती."

मी ह्यांना दवाखान्यातही तसं बघितलं नव्हतं. हात गेला तेव्हाही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतानाच मनात असंही आलं, की बरं झालं, आता ही म्हैस जाईल. दोन्ही खरं होतं.

पण मग माझी नजर खुंटीवर गेली.

सदरा काढून मी ह्यांच्यासमोर धरला. त्यांनी नाक मुरडलं. "तुज्या घामाचा वास येतोय."

"सदरा तुमचाच आहे."

"व्हता."

बराच वेळ ते त्या सदऱ्याकडे बघत बसले. मग पांढऱ्या सदऱ्याची बटणं काढायला लागले, आपल्या उजव्या हाताने. जमेना. मी काढली. मळका सदरा अंगात चढवला. उपरणं मी बांधते तसंच, माझ्याच पद्धतीने, त्यांच्या डोक्याला गुंडाळलं. पाट सरळ केला. मी मागे सरले आणि पडदा खाली सोडला, कारण आता मी दिसणं बरोबर नव्हतं.

टकटक ऐकू आली. म्हशीचा उसासा ऐकू आला. मग बादलीच्या तळावर पहिली धार.

इतके महिने मी ती धार पिळली होती, पण नुसती बसून ऐकली नव्हती. खाट रिकामी होती. मी तिच्यावर बसले, मग पाय वर घेतले, मग आडवी झाले. घोंगडीला ह्यांच्या तेलाचा वास होता. एक धार जाड पडत होती आणि एक बारीक, अडखळत. सासूबाई सूप घेऊन आल्या, मला खाटेवर बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"अगं," पडद्याआडून हाक आली. "हात भरून आला. ऱ्हायलेली तू काढ."

मी ऐकलं. डोळे मिटून घेतले. शाळेची वेळ होत आली होती.

"अगं, ए."

मी उठले नाही. मग धार पुन्हा सुरू झाली, एक जाड, एक बारीक.